शिरूर ते माजलगाव : पिकअपमागचं फोमचं घर

आठवी सोडल्यापासून मी पाच ठिकाणी कामं केली. सध्या गुजरातेत आहे. दूध, आइस्क्रीम, मासळी नेणाऱ्या गाड्यांवर जे पांढरे थंड डबे असतात, ते आमच्या कारखान्यात बनतात. दिवसभर फोमचे पत्रे कापायचे, जोडायचे, फटी बुजवायच्या. डबा तयार झाला की तो केरळात नाहीतर काश्मिरात जातो आणि मी दुसरा डबा हातात घेतो. तीन वर्षं हे केल्यावर एक जुनी छोटी पिकअप घेतली आणि ठरवलं, तिच्यामागं ओढायला झोपायची गाडी करायची. महिन्याची सुट्टी मागितली. मिळाली.

पिकअपच्या हौद्यातच गादी का टाकली नाही, असं बरेच जण विचारतात. हौदा मला लागतो, सुट्टीच्या दिवशी मी भाडं मारतो. शिवाय मागची गाडी वेगळी असली की ती मुक्कामाला सोडायची आणि पिकअप घेऊन गाव फिरायचं. मोबाईलवर परदेशी लोकांचे कॅम्पर ट्रेलर बघितले होते. छान असतात, पण एकेकाचं वजन हजार किलो. माझी पिकअप तेवढं ओढताना चढावर रडली असती. म्हणून पहिला नियम ठरला: सगळं मिळून तीनशे किलोच्या आसपास.

कारखान्यात वाया गेलेले फोमचे पत्रे भंगाराच्या भावानं मिळतात. चाळीस मिलिमीटर जाडीचे, दोन्हीकडून पातळ पत्रा, मध्ये फोम. एक माणूस एका हातानं उचलेल इतके हलके. ते हौद्यात बांधून शिरूर कासारला आणले. गाव निम्मं रिकामं होतं, ऊसतोडीला गेलेलं. स्टँडमागं अस्लमचं वेल्डिंगचं दुकान आहे. आम्ही एकाच बाकावर बसून नापास झालेलो, त्यामुळं जागा आणि वीज फुकट.

खालची चासी दीड इंची चौकोनी पाईपची केली. चाकं, एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे एका जुन्या व्हॅनचे, बीडच्या भंगारातून. इथं एक गोष्ट सांगतो. व्हॅनचे पाटे जसेच्या तसे बसवू नका. ते सात माणसांच्या वजनाचे असतात, हलका ट्रेलर त्यावर बेडकासारखा उडतो. आम्ही प्रत्येक बाजूचे दोन पाटे काढले, मग तो शहाण्यासारखा चालला. लांबी आठ फूट, रुंदी साडेचार, आत गुडघ्यावर बसता येईल एवढी उंची. मागं वर उघडणारी झडप, तिच्याआड गॅस आणि भांडी. पुढं गोळा-वाटीचा हुक, दोन्ही बाजूंनी साखळ्या, मागं लाल दिवे. हवेसाठी छताला दोन छोट्या जाळ्या, त्यांत धुळीसाठी जाड स्पंज. बाकी सगळ्या फटी मी कारखान्यात बुजवतो तशाच बुजवल्या, मुंगी जाणार नाही अशा. अस्लम आत शिरला, दार लावून घेतलं आणि लगेच बाहेर आला.

"बे नवनाथ, ह्यात कोण झोपनार हाय? तू का आइस्क्रीम?"

"मी."

"मग सकाळी काडी खोचून भाईर काढावं लागंल तुला."

अठरा दिवस लागले. खर्च चाळीस हजाराच्या आत बसला, त्यात निम्मं एक्सल आणि टायर. आडतीवरच्या काट्यावर वजन केलं, तीनशे दहा किलो. अस्लमनं काट्यावर उभं राहून आपलंही वजन बघून घेतलं.

बेत असा होता: शिरूरहून बीड, मांजरसुंबा, नेकनूर, केज, धारूर, मग घाट उतरून माजलगावचं धरण. तिथं दोन दिवस पाण्याकाठी, पुढं नांदेडकडं. वाटेत एक काम होतं. नेकनूरला मामाकडं माय होती, तिला माजलगावजवळ अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वाड्यावर सोडायचं. वाडा म्हणजे घर नव्हे. आम्ही मेंढपाळ. पावसाळा सरला की आमच्याकडची माणसं मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात उतरतात आणि शेतमालकाच्या रिकाम्या रानात मुक्काम टाकतात. मेंढरं दोन-तीन रात्री बसली की रानाला खत मिळतं, त्याबदल्यात मालक धान्य देतो. मग पुढचं रान. त्या मुक्कामाला आम्ही वाडा म्हणतो.

ह्यात काम वाटलेलं असतं. बापई मेंढरांमागं जातो. बाई बिऱ्हाड घोडीवर लादते, आधी पोचते, जागा झाडते, चूल मांडते. दिवाळीच्या सुमारास माझी माय बिऱ्हाड लादताना पडली, गुडघा गेला. दोन महिने मामाकडं. अण्णा एकटे शंभरेक मेंढरं आणि एक घोडी सांभाळत होते. फोनवर ते मला म्हणाले होते, "एकट्यानं मेंढरं राखता येत्यात, बिऱ्हाड न्हाई हलवता येत. ती आली अन जमलं तर ठीक. न्हाई तर व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय, येत्या बाजारच्या आधी येऊन कळप बघून जाईल." बाजाराला सहा दिवस होते. माझ्या दृष्टीनं तो त्या दोघांचा मामला होता. मला धरण बघायचं होतं.

पहिला दिवस: शिरूर ते नेकनूर

सकाळी निघालो. बीडपर्यंतचा रस्ता काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी आठवणीपुरता. पन्नासच्या वर काटा गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागायचा. थांबून विचार केला तर कळलं की पाण्याचे दोन कॅन मी मागच्या झडपेत ठेवले होते. ट्रेलरचं वजन थोडं पुढच्या दांड्यावर पडायला हवं, मागं जड झालं की तो गाडीलाच हलवतो. कॅन पुढं सरकवले, शेपटी थांबली. तरी मी पंचेचाळीसच्या वर गेलो नाही.

बीडच्या बाहेर पोलिसानं अडवलं.

"हे काय हाय?"

"झोपायची गाडी. घरच समजा."

"घर रस्त्यावर आणलं का? ह्याचा नंबर कुठाय?"

नंबर नव्हता. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते हे मला ऐकून माहीत होतं, आणि मी ते ऐकलं नव्हतं असं वागत होतो. दंड भरला. पावती फाडल्यावर त्यानं आत डोकं घालून गादी दाबून बघितली आणि म्हणाला, "एसी हाय का?" तुम्ही असं काही करणार असाल तर आधी कागद करा. माझ्यासारखं करू नका.

मांजरसुंब्याचा घाट पिकअपनं दुसऱ्या गिअरमध्ये चढला, कुठं थांबली नाही. वर रबडी खाल्ली आणि वडापाव. नेकनूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामाच्या अंगणात माय पाट टाकून बसली होती, एक पाय लांब करून. ती उठली नाही. पाच मिनिटं ट्रेलरकडं नुसती बघत होती.

"काशाचं हाय हे?"

"फोमचं. ऊन लागत न्हाई, थंडी लागत न्हाई."

"चूल?"

"मागं. गॅस हाय."

"अन मेंढरं निजल्यावर आपुन कुणीकडं तोंड करून निजायचं?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, "कुणीकडं बी कर. गादी हाय." तिनं मामाकडं बघितलं. मामा हसले.

दुसरा दिवस: नेकनूर ते माजलगाव

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, म्हणून माय पुढं माझ्याशेजारी. पायाशी तिचं बोचकं, हातात काठी. केजपर्यंत रस्ता सरळ. दोन्हीकडं ज्वारी कणसात आली होती, एका शेतात हुरडा भाजत होते. थांबलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत, ट्रेलर उघडून दाखवायला लावला. एक म्हातारा म्हणाला, "हे मला रानात ठिवाया द्या, सून आत घेईना झालीय."

धारूरला जेवलो: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. जेवून निघालो आणि घाट लागला.

धारूरचा घाट अरुंद आहे. वळणावर दोन मोठ्या गाड्या आल्या तर एकीला मागं जावं लागतं. चढताना ट्रेलर ओझं असतो, उतरताना तो ढकलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. हलका आहे, चालतंय, असं मी धरलं होतं. तिसऱ्या वळणापर्यंत पिकअपच्या ब्रेकचा वास यायला लागला. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर. समोरून एक ट्रक आला आणि मला उतारावरच थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला तरी गाडी हातभर सरकली. मी दार उघडेपर्यंत माय खाली उतरलेली होती. लंगडत मागं गेली आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांपुढं एकेक धोंडा लावला. ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"आजी, क्लिनर झाल्या का काय?"

"गाडी फुडं घे आधी, मग पगार इचार."

ती परत येऊन बसली तेव्हा दम लागला होता, पण कण्हली नाही. खाली उतरेपर्यंत आम्ही असे चार वेळा थांबलो. ब्रेक गार व्हायला वीस-वीस मिनिटं, आणि दर वेळी धोंडे तिनंच लावले. एकदा म्हणाली, "घोडी उतारावर असली की मागून धरावं लागतं तिला. फुडून धरलं तर आपल्याच अंगावर येती. हे तुला कुणी शिकवलं न्हाई व्हय?" हलक्या ट्रेलरलाही ब्रेक लावा, एवढंच मी ह्यात भर घालीन.

तेलगावपासून पुढं रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस इतका की मागचं काही दिसत नाही. त्यांना ओलांडायला जाऊ नका. हवेत कारखान्याच्या मळीचा वास येतो, तो आला की माजलगाव जवळ आलं समजा.

अण्णांचा वाडा गावाबाहेर कापूस निघालेल्या रानात होता. रान बापू नावाच्या शेतकऱ्याचं. शेजारी त्याचाच हरभरा, घाटे धरलेला. अण्णांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, चाकाला पाय लावून बघितला. मायकडं त्यांनी तेवढं लक्ष दिलं नाही. मग म्हणाले,

"दार रस्त्याकडं कावून केलंस?"

"गाड्यांचं तसंच असतंय."

"मेंढरं काय रस्त्यावर हायती का?"

बिऱ्हाडाचं तोंड मेंढरांकडं पाहिजे. म्हणजे ट्रेलर उलटा फिरवायचा. ट्रेलर मागं घेणं हा वेगळाच धंदा आहे: स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो. मऊ रानात अर्धा तास गेला. अण्णा काठी टेकून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "घोडी एवढा येळ घेत न्हाई." मेंढरांना कोंडायची जाळी असते, तिला वाघर म्हणतात. ती मायनं बसल्या जागेवरून अण्णांना सांगून हवी तशी लावून घेतली आणि दगडांची चूल मांडली. गॅस कुणी पेटवला नाही.

रात्री ती बाहेरच झोपली, घोंगड्यावर. मी आत. झोप फार छान लागली. इतकी की सकाळी अण्णांनी दार वाजवलं तेव्हा उठलो.

तिसरा दिवस: धरण आणि हरभरा

सकाळी मी पिकअप घेऊन धरणावर गेलो. पाणी भरपूर होतं. भिंतीवरून चालत गेलो, पलीकडं बगळे आणि मासे धरणारे. भजी खाल्ली. मोबाईलवर नांदेडचा रस्ता बघितला. दोन-तीन फोटो काढले, ते खाली टाकतो. धरण बघायला जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी डोळे दिपतात.

परत आलो तेव्हा वाड्यावर चार माणसं उभी होती: माय, बापू, त्याचा गडी आणि कॅनॉलवरून परतलेले अण्णा.

झालं होतं ते असं. अण्णा मोठी मेंढरं घेऊन कॅनॉलकडं गेलेले. मागं वाघरीत कोकरं, व्यालेल्या मेंढ्या आणि दोन लंगड्या. त्यांची राखण मायकडं. दुपारी वारं सुटलं, डोळ्यांत माती जायला लागली, आणि गुडघा ठणकत होता म्हणून ती ट्रेलरमध्ये आडवी झाली. माती येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. वाऱ्यानं वाघरीची एक मेख उपटली. मेंढ्या हरभऱ्यात शिरल्या. कुत्रं भुंकून दमलं. बापूच्या गड्यानं बांधावरून बोंब मारली. शेवटी बापू स्वतः आला आणि काठीनं ट्रेलर बडवला, तेव्हा ती बाहेर आली.

बापू पन्नाशीचा, दोनदा पंचायतीला उभा राहिलेला, आवाज त्याच बेताचा. माझ्यासमोर त्यानं परत सगळं सांगितलं.

"मावशी, दोन सऱ्या खाल्ल्या तुमच्या मेंढरांनी, अन तुमी पेटीत निजल्या! गावभर ऐकू गेलं, तुमाला न्हाई? उद्या सकाळी रान मोकळं करा."

माय वळली. आत जाऊन तिनं आपलं घोंगडं बाहेर आणलं आणि झटकत बसली. झटकून झालं तरी झटकत होती.

अण्णा बापूला म्हणाले, "चूक आमची. सकाळी जातो." मग माझ्याकडं वळून, हळू, पण तिला ऐकू जाईल असं: "गुडघा गेला ते गेला, आता कान बी गेले. कुत्रं भुंकलं की आधी ती उठायची, मग मी. न्हाई जमायचं आता. व्यापाऱ्याला उद्याच बोलावतो."

मायचा हात थांबला.

तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं नाही. तिचे कान ठीक होते. मी तीन वर्षं असे डबे करतो की आतलं बाहेर येऊ नये आणि बाहेरचं आत जाऊ नये. तसाच हाही केला होता. रात्री कुत्रं तीनदा भुंकलं होतं म्हणे, मी एकदाही ऐकलं नव्हतं. मेंढपाळाच्या पोरानं मेंढपाळाला बहिरं करणारं घर बांधलं होतं.

मी म्हणालो, "अण्णा, आत बसा."

"कावून?"

"बसा तर खरं."

ते बसले. मी दार लावलं, कडी घातली. मायला म्हणालो, "हाक मार. जोरात."

तिनं आधी बापूकडं बघितलं, परका माणूस म्हणून. मग पदर खोचला.

"अवो, ऐकताय का?"

आतून काही नाही.

"दोन म्हयने भावाच्या दारात बसले, एकदा तरी इचारलं का गुडघा कसा हाय? फोन आला की मेंढरांचंच! काळतोंडीला कोकरू झालं ते सांगितलं, लंगडीचा खूर बरा झाला ते सांगितलं. लंगडी म्हणजे मी न्हवं, मेंढी!"

बापूच्या गड्यानं तोंडावर टॉवेल धरला.

"कळप इकायचा तर मला इचारून इका! निम्मी मेंढरं माझ्या पायानं वाढल्यात. कोकरं खांद्यावर घेऊन मी चालले, तुमी न्हाई. मला भावाच्या वट्यावर बशिवता अन तुमी काय गावात पत्ते कुटणार?"

ती थांबली. दम लागला होता. डोळे पुसले, मातीनं म्हणा. मी कडी काढली. अण्णा वाकून बाहेर आले.

"हाक मारणार होतीस ना? मार की."

मग बापू असा हसला की मेंढरं दचकली.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमी आतच बरे होता."

"म्हंजी? झाली मारून?" अण्णांनी सगळ्यांची तोंडं बघितली. "मला तर एक अक्षर आलं न्हाई. काय म्हणली?"

"काय न्हाई," माय म्हणाली. "च्या ठिवू का म्हणलं."

अण्णा परत आत शिरले, स्वतःच दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आले आणि भिंतीवर बोटांनी टकटक करत राहिले. व्यापाऱ्याला फोन त्यांनी त्या दिवशी केला नाही. न करायचं ठरवलं असंही म्हणाले नाहीत.

चौथा दिवस: कापाकापी

बापूनं हसण्याच्या भरात एक दिवस वाढवून दिला होता. सकाळी त्याच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरातून, वीज घेतली आणि माजलगावातून भाड्यानं कटर आणला. ट्रेलरची मेंढरांकडची अख्खी भिंत कापली. अठरा दिवसांत जोडलेली, दोन तासांत. कापलेला पत्रा वरून बिजागऱ्यांवर टांगला, एक मोठी झडपच झाली. दिवसा तो काठीवर टेकवून वर करायचा, सावली होते. थंडीत, वाऱ्यात खाली सोडायचा, पण खालून वीतभर उघडाच राहतो. माय आत बसली, डोळे मिटले. अण्णा लांब जाऊन नुसते खाकरले.

"खाकरू नका, कोकरं उठत्याल," ती आतून म्हणाली.

मग तिनंच तो प्रश्न काढला, जो मी नेकनूरपासून टाळत होतो. "हे हाय ठीक. पण तू गेल्यावर ह्याला वढणार कोण? घोडी?"

मला पुढच्या आठवड्यात कामावर हजर व्हायचं होतं. अण्णांना गाडी येत नाही. खरं तर ट्रेलर मी त्यांच्यासाठी केलाच नव्हता, आणि इथं ठेवून जायचं असं मी कुणाला म्हणालोही नव्हतो. पण भिंत कापून झाली होती.

उत्तरही तिनंच दिलं. "ज्याला खत पायजे त्यानं वढून न्यावं. फुडच्या रानाच्या मालकाला सांगायचं, ट्रॅक्टर धाडला तर येतो. ट्रॅक्टर काय समद्यांकडं हाय."

अण्णा म्हणाले, "असं कधी केलंय का कुणी?"

बापू हरभऱ्याच्या बांधावर बसून ऐकत होता. "धान्यात पायली कमी घ्या, मी नेऊन सोडतो," तो म्हणाला. "पाव्हण्याचं रान हाय कोसावर, त्याला मेंढरं पायजेच हायती. माझा हरभरा बी वाचंल."

"पायली कावून कमी?" माय म्हणाली. "नुकसान दोन सऱ्याचं झालं. अर्धी पायली."

"मावशी, पंचायतीला तुमी उभ्या ऱ्हावा."

अर्ध्यावर मिटलं.

एक अडचण होती. माझ्या हुकाला पिकअपचा गोळा लागतो. ट्रॅक्टरला मागं पिन असते, आणि ती उंचही असते. गोळ्याची वाटी कापून तिथं जाड लोखंडी कडं वेल्ड करावं लागणार होतं. गावातल्या वेल्डरकडं ट्रेलर नेला. तो म्हणाला, "कडं लावलं की मग तुमच्या गाडीला जुळायचं न्हाई हे." मी म्हणालो, माहीत आहे. मग त्यानं चष्मा लावला.

पाचव्या दिवशी सकाळी बापूचा ट्रॅक्टर आला. भांडी, घोंगडी, वाघर सगळं ट्रेलरमध्ये. तीन दिवसांची सहा कोकरं मायनं माझ्या गादीवर ठेवली, मी काही म्हणायच्या आत. ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली, काठी मांडीवर. अण्णा मेंढरं जमवत होते. ते तिच्याजवळ गेले आणि मेंढरांकडं बघतच म्हणाले, "गुडघा कसा हाय?"

"आज कसं सुचलं?"

"बापू म्हणला इचार म्हणून."

तिनं ट्रॅक्टरवाल्याला चल म्हणून सांगितलं.

व्यापारी त्याच दुपारी नव्या रानावर आला, आधीच निरोप गेलेला होता म्हणून. झडप वर टेकवलेली, चूल पेटलेली, माय आत पाय लांब करून कोकरांना पाजत होती. त्यानं कळप बघितला, भाव सांगितला. अण्णांनी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "दोन म्हातारे एडके द्या. बाकीची चालत्यात अजून." अण्णांनी दोन एडके दिले.

परत

मी नांदेडला गेलो नाही. पिकअप रिकामी होती आणि झोपायला जागा नव्हती. बीडला एक रात्र लॉजवर काढली, ढेकूण होते. तिथून गुजरात दोन दिवस, वाटेत एक कांद्याचं भाडं मिळालं.

ह्या प्रवासातून तुमच्या कामाचं एवढं: वजन पुढं ठेवा, पाटे काढा, ब्रेक लावा, कागद करा, घाटात घाई करू नका. मापं बरेच जण मागतात. देतो, पण आधी आत कोण झोपणार आणि त्याला रात्री काय ऐकू यायला हवं, ते लिहून कळवा. मी सगळं मोजलं होतं, हे सोडून. परत तसाच ट्रेलर करणार का? करीन बहुतेक. सुट्टी मिळायला वर्ष आहे आणि पत्रे रोजच वाया जातात.

धरणाचे फोटो चांगले आलेत. ट्रेलरचा एकच आहे, कापायच्या आधीचा.

काल अण्णांना फोन केला. आठ रानं झाली म्हणाले. कोकरं आत झोपतात, ती दोघं बाहेर, झडपेखाली. मेंढरं चांगली आहेत.

"आता कुठं हाय मुक्काम?" मी विचारलं.

"मला काय माहीत," अण्णा म्हणाले. "ती गेलीय ट्रॅक्टरवर बसून रानं बघाया. ठरलं की फोन करती, मग आमी तिकडं वळतो."

मागून मेंढरांचा आवाज येत होता. ते वाट बघत उभे होते.